‘योग्य पर्याय निवडा’

विचारताय म्हणून सांगते. उजनीत होडी उलटली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोलापुरातल्या मदत केंद्रात लॅपटॉप उघडून बसले होते. बेपत्ता माणसांची नोंद करायची साइट मीच पायथनमध्ये लिहिली होती. फॉर्म भरला की नाव थेट धरणावरच्या पाणबुड्यांकडे जायचं. बाकी सगळ्यांची नावं गेली. शेजारी बसलेल्या कमलम्मांच्या मुलाचं, शिवकुमारचं, तेवढं जाईना.

नाव भरून ‘बेपत्ता’ निवडलं, बटण दाबलं, की खाली लाल अक्षरं... ‘योग्य पर्याय निवडा.’

“पोरी, अंधार पडला की शोध थांबवत्यात गं...” कमलम्मांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

कोडमध्ये दोन पर्याय होते, बेपत्ता आणि सापडला. मी अक्षर न् अक्षर तपासलं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. धरणाकाठी कुणाचा फोन लागत नव्हता. मला रडू येऊ लागलं. शेवटी, निदान नाव तरी पोचू दे, म्हणून मी ‘सापडला’ निवडलं.

नोंद झाली.

खोलीत गाळाचा वास आला. दारात शिवकुमार उभा होता. कपडे कोरडे, केसांतून मात्र पाणी निथळत होतं, थांबतच नव्हतं.

कमलम्मा धावल्या. त्याचा चेहरा कुरवाळत म्हणाल्या, “ऊटा आतेनपा?” त्यांच्या घरात कन्नडच बोलतात, जेवलास का, एवढंच त्यांनी विचारलं. तो हसला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो तसाच हसत राहिला, एक शब्दही न कळल्यासारखा.

त्या मागं सरकत माझ्यापाशी आल्या.

“ह्यो माझा न्हाय... लिवलेलं खोड, पोरी.”

मी नोंद उघडली. ‘बेपत्ता’ निवडून बटण दाबलं. लाल अक्षरं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिले. तो खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होता, आणि फरशीवरचं पाणी माझ्या पायांपर्यंत आलं होतं.

कमलम्मांचा फोन वाजला. त्यांना धरवेना म्हणून मी उचलला.

“मी दानेश्वरी, त्यांची सून. अत्तींना सांगा, हे घरी आल्यात.”

मी खुर्चीतल्या त्याच्याकडे बघितलं. “कन्नडात... बोलून बघितलंत?”

“व्हय. नुसतं हसत्यात.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “आन ताई... अंगणात ह्यांच्याच तोंडावळ्याचे आनखी दोघं उभे हायत.”