विझलं का, बाई?

मुलांनो, एक क्षण डोळे मिटा.

मे महिना आहे. अकोला आहे. दुपार आहे.

रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. घरोघरी कूलर घरघरतायत. घराच्या मागच्या व्हरांड्यात इतकं ऊन उतरलंय की फरशीकडे बघवत नाही. त्या उन्हात एक छोटं पितळी इंजिन उभं आहे...

दिसलं?

आता ऐका. हे माझ्या घरात घडलं, गेल्या उन्हाळ्यात. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच पुरावा मागायचो. त्यामुळे विश्वास ठेवा असा आग्रह मी धरणार नाही. जे पाहिलं ते तसंच सांगतो. अंधार नव्हता, हे तेवढं लक्षात ठेवा. लख्ख ऊन होतं.

आधी इंजिनाबद्दल.

ते खेळणं नव्हे. हातभर लांब, पण खऱ्या वाफेवर चालणारं. पोटात पाण्याची टाकी, खाली स्पिरिटचा दिवा. ऐन तरुणपणी मी ते मोडक्या अवस्थेत विकत घेतलं. ते माझं पहिलं इंजिन. दुसरं कधी घ्यावंसं वाटलंच नाही.

त्याचे लाडही फार. अकोल्याचं बोअरचं पाणी त्याला चालत नाही, आत पांढरा थर धरतो. म्हणून पावसाचं पाणी बरणीत साठवून ठेवायचं. चालवून झालं की पाणी काढून टाकायचं, टाकीचं झाकण उघडं ठेवायचं. सांध्यांना तेल. सुती फडक्यानं पुसणं.

आणि एक नियम. एकट्यानं पेटवायचं नाही.

कारण स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. दिवा जळत असतो आणि आपल्याला वाटतं विझलाय. अशा दिव्यात कुणी वरून स्पिरिट ओतलं, तर आग उलटी बाटलीत शिरते... आणि बाटली हातात असते.

म्हणून दुसरं माणूस हवं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझी मोठी बहीण, मनकर्णा. मी तिला बाई म्हणायचो, माझी नात मनूआजी. नवरा गेल्यावर ती नांदगाव खंडेश्वरहून माझ्याकडे आली ती कायमची. पुढे माझी बायको गेली. मुलगी सीमा लग्न होऊन अमरावतीला गेली. उरलो आम्ही दोघं.

बाई दुपारी व्हरांड्यात लाकडी स्टुलावर बसून देवासाठी कापसाच्या वाती वळायची. बोटांना सदा कापूस चिकटलेला.

"काहून रे गोपाल, आज पुन्हा पेटवून राहिला का या गाढवाले?"

"गाढव नाही बाई, इंजिन आहे."

"इंजिन कुठं तरी नेते माणसाले. हे तर तिथल्या तिथंच गोल फिरते!"

पण काम चोख करायची. मी दिव्यावर पितळी टोपी ठेवायचो आणि विचारायचो, "विझलं का, बाई?"

ती वळलेली वात दिव्याजवळ धरायची. वात पेटली, तर दिवा जळतोय. नाही पेटली, तर विझला.

"इझलं," ती म्हणायची. मगच मी इंजिनाला हात लावायचो.

वर्षानुवर्षं. तोच प्रश्न, तेच उत्तर.

तीन वर्षांपूर्वी बाई गेली.

मी इंजिन पेटवणं बंद केलं. दुसरं माणूसच नव्हतं. पण निगा सोडली नाही. दर रविवारी दुपारी काढायचो, पुसायचो, तेल द्यायचो, चाकं जाम होऊ नयेत म्हणून हातानं फिरवायचो. आणि शेवटी, सवयीनं, रिकाम्या स्टुलाकडे बघून विचारायचो...

"विझलं का, बाई?"

पेटवलेलंच नसायचं, मग विझणार काय?

तरी विचारायचो. दिवसभरात मी मोठ्यानं बोललेलं कधीकधी तेवढंच वाक्य असायचं.

उत्तर कधी आलं नाही.

मग गेल्या वर्षी, होळीनंतर, काही गोष्टी व्हायला लागल्या.

पहिली गोष्ट स्टुलाची. ते मी आतल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. एका दुपारी झोपून उठलो, तर स्टूल व्हरांड्यात... इंजिनाच्या बाजूला. जिथं बाई बसायची, तिथंच.

वाटलं, कामाला येणाऱ्या लीलाबाईनं ठेवलं असेल. आत नेलं.

चार दिवसांनी पुन्हा बाहेर.

मग इंजिनाची चाकं. रविवारी मी चाकांना जोडलेली दांडी खाली आणून इंजिन ठेवतो. ती माझी खूण. पुढच्या रविवारी बघितलं...

दांडी वर होती.

मग एक दिवस इंजिनाशेजारी, बाई वाती ठेवायची त्या बशीत वात दिसली. पांढरीशुभ्र. ताजी वळलेली.

मी लीलाबाईला विचारलं.

"मले कुठं टाइम हाय सर वाती वळाले?" ती हसली. "देवाले तर मी रेडिमेड पाकीट आनते. आन तुमच्या घरात कापूस हाय तरी कुठं?"

खरंच नव्हता. बाई गेल्यावर घरात कापूस आलाच नव्हता.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपू शकलो नाही. नुसता पडून राहिलो. कूलरच्या घरघरीत काहीच ऐकू येत नव्हतं. वीज गेली असती तर काय ऐकू आलं असतं, याचीच भीती वाटत होती.

मे महिन्यात सीमानं रागिणीला सुट्टीसाठी पाठवलं. माझी नात. वय अकरा. प्रश्न विचारण्यात मास्तरालाही हरवेल अशी.

"आबा, हे खरंच चालतं?"

"चालतं."

"मग चालवत का नाही?"

"दोन माणसं लागतात."

"आपण किती आहोत?"

मी पावसाच्या पाण्याची बरणी काढली. सकाळी, व्हरांड्यात सावली असताना, आम्ही इंजिन पेटवलं. दोन वर्षांनी. तिला पावसाचं पाणी भरायला शिकवलं, तेल कुठं घालायचं ते दाखवलं. चाकं फिरली तेव्हा ती नाचली. सावलीत निळी ज्योत नीट दिसत होती. वातीची गरज पडली नाही. म्हणून वातीचं मी तिला सांगितलंही नव्हतं. उन्हात ज्योत दिसत नाही हा धडा उद्याचा, असं मनात ठरवलं होतं. मास्तर लोक धडे असेच पुढे ढकलतात.

"माझ्याशिवाय हात लावायचा नाही," एवढं मात्र बजावलं.

"हो आबा."

जेवून मी आडवा झालो. कूलर घरघरत होता. डोळा लागला.

आणि वीज गेली.

कूलर थांबला. त्या शांततेनं मला जाग आली.

अकोल्यातली मे महिन्याची दुपार आणि बंद कूलर... अशी शांतता तुम्ही ऐकली आहे? कानात नुसती भरून राहते.

मग त्या शांततेत एक आवाज आला.

स्स्स...

वाफेचा.

मी धडपडत उठलो. बाजूला रागिणीची चटई रिकामी होती.

व्हरांड्याच्या दारात पोहोचलो आणि जागीच थांबलो.

डोळे दिपवणारं ऊन. त्यात इंजिन उभं. दिव्यावर ज्योत नाही. फरशीवर जळालेल्या काड्या पडलेल्या. रागिणी गुडघ्यांवर बसलेली. उजवा हात पुढे, बाटली धरल्यासारखा अर्धवट वळलेला. पण हातात बाटली नव्हती.

ती मान वळवून मागे बघत होती.

मागे कुणी नव्हतं.

फक्त स्टूल होतं.

"रागिणी, सरक मागे!"

तिला ओढून बाजूला केलं. दिव्याजवळ तळवा नेला... भाजलं. दिवा जळत होता. चांगला जळत होता. मी टोपी ठेवली. वाफेचा आवाज हळूहळू मंद होत गेला.

"काड्या पेटवल्या, पण तो पेटतच नव्हता," ती रडवेली होऊन म्हणाली. "मला वाटलं स्पिरिट संपलं. म्हणून बाटली घेतली. टोपणही काढलं. आणि ओतणार, तेवढ्यात तुम्ही घेतली ना."

"मी?"

"मागून हात आला आणि बाटली घेतली. तुम्हीच ना आबा?"

मी तिचे हात उलटेपालटे करून बघितले, कुठं भाजलं नव्हतं.

"बाटली कुठं आहे?" मी विचारलं.

दोघांनी शोधली. भिंतीशी लोखंडी कपाट आहे, त्याच्यावर सापडली. टोपण घट्ट लावलेलं. ती उतरवायला मलासुद्धा टाचा उंचवाव्या लागल्या.

रागिणीनं वर बघितलं. मग माझ्याकडे.

"आबा, तुम्ही तर आत झोपला होता."

"हो."

मग ती अगदी सहज म्हणाली,

"त्या हाताला कापूस चिकटलेला होता. बोटांना."

माझी नजर इंजिनाशेजारच्या बशीकडे गेली.

बशीत वात होती. टोक काळं पडलेलं. तिच्यातून धुराची बारीक रेघ वर जात होती...

कुणीतरी ती दिव्याजवळ धरून बघितली होती. नुकतीच.

सीमाला यातलं काही मी सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ती पोरीला पुन्हा पाठवणार नाही, आणि मग मी इथं कुणाशी बोलू? मास्तर म्हणून कारणं शोधली. उन्हानं पोरीला भास झाला. बाटली मीच कधीतरी वर ठेवली. पण ती वात? विस्तवाशिवाय वातीला धूर येत नाही, आणि घरात कापूस नव्हता. हे गणित अजून सुटलेलं नाही.

मात्र राहिलेला धडा मी दुसऱ्याच दिवशी दिला. बाजारातून कापूस आणला. वात कशी वळायची, दिव्याजवळ कशी धरायची, सगळं शिकवलं. "एकानं टोपी ठेवून विचारायचं, विझलं का. दुसऱ्यानं वात धरून सांगायचं. उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही." एवढंच शिकवलं. विचारायचं ते मला, हे वेगळं सांगावं असं वाटलं नाही. दुसरं होतं कोण?

सुट्टी संपली. अमरावतीला जायच्या दिवशी रागिणी म्हणाली, "आबा, एकदा शेवटचं."

दुपारची तीच वेळ होती. ऊनही तसंच. आम्ही इंजिन पेटवलं. न दिसणाऱ्या ज्योतीवर, न दिसणाऱ्या वाफेवर ते गोल गोल फिरलं. मला बाईचं गाढव आठवलं. हसू आलं.

इंजिन थांबलं. रागिणीनं दिव्यावर टोपी ठेवली. मी हातात वात घेऊन तयार होतो. आता ती मला विचारणार.

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

ती स्टुलाकडे वळली.

"विझलं का, मनूआजी?"

वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी कान देऊन ऐकलं. खरं सांगतो, जीव कानात आणून ऐकलं. दोन वर्षं हाच प्रश्न मी त्याच स्टुलाला विचारत आलो होतो...

मला काहीच ऐकू आलं नाही.

रागिणी मात्र थांबली होती. समोरचा माणूस सावकाश बोलतो तेव्हा आपण थांबतो, तशी.

मग तिनं मान हलवली.

मी वात दिव्याजवळ नेली. पेटली नाही. दिवा विझला होता.

इंजिन निवल्यावर रागिणीनं ते उचललं, टाकीतलं पाणी काढलं, झाकण उघडं ठेवलं, फडक्यानं पुसलं. मी शिकवलं होतं तसं सगळं. मग ती स्टुलाजवळ गेली. ते दोन्ही हातांनी, जपून धरलं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आधार द्यावा तसं...

आणि हळूच सरकवून उन्हातून सावलीत ठेवलं.