सरावाचं दही

नागोराव फड यांनी तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात सव्वीस वर्षं सुरक्षा विभागात काढली. त्या काळात त्यांनी एकही मोठी आग पाहिली नाही. मॉक ड्रिल मात्र एकशे चार घेतली. या दोन आकड्यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे, असं ते निवृत्तीनंतरही भेटेल त्याला सांगत.

त्यामुळे कॅनडाला मुलाकडे सहा महिने जायचं ठरलं, तेव्हा घर बंद करून निघण्याचाही सराव व्हायला हवा, हे ओघानंच आलं. विमान शुक्रवारचं होतं. सराव आधीच्या रविवारी, सकाळी नऊला.

नर्मदाबाईंना सरावात रस नव्हता. त्यांना वेळेत पोचायचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा व्हिसा लांबला होता. मुलगा विक्रम तेलाच्या खाणीवर पंधरा पंधरा दिवस असतो, तो तिकडेच अडकलेला. सून अर्चना चौदा तास परक्या दवाखान्यात एकटी होती, आणि बाळ राहिलं नाही. आता पुन्हा दिवस भरत आले होते. या खेपेला आपण तिच्याजवळ असायचं, एवढं एकच नर्मदाबाईंनी धरून ठेवलं होतं.

"सगळं खऱ्यासारखं करायचं," नागोरावांनी हातात यादी घेऊन बजावलं. "ड्रिलमध्ये कुणी हसलं की ड्रिल फुकट."

गॅस बंद, पाण्याचा कॉक बंद, मेन स्विच खाली. टीव्हीवर चादर. दोन बॅगा, त्यात अळिवाच्या लाडवांचा डबा. समोरच्या सुगंधाताईंना किल्ली द्यायला गेले तर त्या दह्याची वाटी घेऊनच उभ्या. मूळच्या जवळच्याच नवापूर किनाऱ्यावरच्या, दर दोन दिवसांनी तुळशीला पाणी घालायचं त्यांनी कबूल केलेलं.

"खोटं खोटं दही नको," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या.

"यादीत आहे," नागोराव म्हणाले.

मग दोघांनी तळहातावर दही घेतलं. नर्मदाबाई "येतो" म्हणाल्या. सुगंधाताईंनी पदर डोळ्यांना लावला; सरावाच्या मानानं जरा जास्तच. बॅगा रिक्षात गेल्या. रिक्षानं नवापूर रस्त्यावरून बोईसर स्टेशन गाठलं. बावीस मिनिटं. नागोरावांनी वेळ टिपली, दोघांनी बाकावर बसून चहा घेतला आणि त्याच रिक्षानं परत आले. सव्वा तासात कार्यक्रम आटोपला.

सुगंधाताई घरी नव्हत्या, म्हणून जवळच्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप उघडलं. आतून कोंदट वास आला. महिनोन् महिने न उघडलेल्या घराला येतो तसला. टीव्हीवरच्या चादरीवर बोट फिरवलं तर रेघ उमटली. न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली कोरडी होती आणि तिच्या तळाशी पांढरी कड धरली होती. बाल्कनीतली तुळस काटकी झाली होती.

नागोरावांनी मोबाइलवरची तारीख पाहिली. रविवारच होता.

"हवा," ते म्हणाले. कारखान्यांच्या धुरामुळे बोईसरमध्ये कशाचंही कारण सांगायला हवा पुरते. तरी त्यांनी वही काढून बादली, तुळस, धूळ अशा नोंदी केल्या. त्यांना भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना काहीतरी तपासायला मिळालं होतं.

सोमवारी दूधवाला आला नाही. फोन केला तर म्हणाला, "आप लोग तो गाँव में नहीं हो ना?" आणि लाइन कट झाली.

मंगळवारी दोघं जेवत असताना कुलपात किल्ली फिरली आणि सुगंधाताई तांब्या घेऊन सरळ बाल्कनीकडे निघाल्या.

"अहो, बेल तरी वाजवायची," नागोराव म्हणाले.

"बंद घराची बेल कोण वाजवतं?" त्या चालता चालता म्हणाल्या. मग थांबल्या. ताटांकडे पाहिलं. दोघांकडे पाहिलं. "तुमी हाय काय इथं?"

"शुक्रवारी जायचंय. रविवारी नुसता सराव होता."

"रिक्षात बसताना पायलं मी तुमाला," सुगंधाताई सावकाश म्हणाल्या. "मग दिसभर दारातच मासळी साफ करत बसलेले. येताना नाय पायलं."

"तुम्ही घरी नव्हतात."

"आमी कुटं जाणार?" त्यांनी तुळशीच्या काटकीला पाणी घातलं आणि बाहेर पडताना सवयीनं बाहेरून कडीही घातली. नागोरावांना आतून हाका मारून ती काढून घ्यावी लागली. ही नोंद मात्र त्यांनी वहीत केली नाही.

त्याच दुपारी अर्चनाचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, थोडा दमलेला. "आई, उठू नका, झोपा तुम्ही. फक्त विचारते, लाडवांचा डबा कुठं ठेवलात?"

नर्मदाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "बॅगेत आहे गं. निळ्या."

"थांबा. हां, मिळाला. दोन घेते. आणि बाबांना सांगा, हीटरची बटणं तपासू नका. रात्रभर खुडबुड चालली होती."

फोन बंद झाला. त्या देशात घरातल्या घरातही फोन करतात, हे नागोराव ऐकून होते. ते उठले, निळी बॅग उघडली, डबा काढला. लाडू चाळीस बांधले होते, त्यांनीच मोजून भरले होते. आता अडतीस होते.

"मी तिथं झोपलेय," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नवल होतं, आणि थोडा हेवा. "पोचले म्हणायची."

बुधवारी नागोरावांना चूक सापडली. त्यांनी पुन्हा पुन्हा यादी वाचली होती. गॅस होता, कॉक होता, दही होतं. शेवटची ओळच नव्हती.

"ऑल क्लिअर दिलाच नाही," ते म्हणाले. "ड्रिल आपोआप संपत नाही, नर्मदा. शिट्टी वाजते, तेव्हा माणसं जागेवर परत येतात. तोवर जो जिथं गेलाय, तो तिथंच."

"मग?"

"मग काय. शिट्टी वाजवायची."

कारखान्याची शिट्टी कुठल्या तरी खोक्यात होती. दिवसभर शोधूनही मिळाली नाही. गुरुवारी सकाळी सहाला, जुन्या पगारपत्रकांच्या खाली, ती हाती लागली, आणि तेव्हाच नर्मदाबाईंचा फोन वाजला.

"आई, खाली या." अर्चनाला धाप लागली होती. "पाणी जायला लागलंय. तारखेला अजून दहा दिवस आहेत ना? हे खाणीवर आहेत, यांचं परतीचं विमान उद्याचं. मी टॅक्सी बोलावलीय. आई, येताय ना?"

"आले," नर्मदाबाई म्हणाल्या. फोन कट झाला.

नागोरावांनी शिट्टी पुसून तोंडात धरली.

"थांबा," नर्मदाबाई म्हणाल्या. "वाजवली की तिथली मी इथं येणार?"

"नियमानं तसंच," ते शिट्टी दातांत धरूनच म्हणाले.

"आत्ता? ती टॅक्सीत बसत असताना?"

नागोरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मग तिच्याजवळ कोण?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

नर्मदाबाईंनी तान्ह्या मुलाच्या तोंडातून काही काढावं तशी त्यांच्या तोंडातून शिट्टी काढली आणि कमरेला खोचली. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या.

आठ वाजले. दहा वाजले. त्या उठल्या नाहीत. एकदोनदा त्यांनी दात आवळले. एकदा म्हणाल्या, "हं, बाळा. हं." नागोरावांनी विचारलं, कुणाला? त्यांना ऐकू गेलं नसावं.

बाराला फोटो आला. मुलगी. खाली अर्चनानं लिहिलं होतं, 'आई होत्या म्हणून.'

नागोरावांनी चष्मा लावून फोटो मोठा केला. बाळ दिसत होतं, अर्चनाचा घामेजलेला चेहरा दिसत होता. बाकी कुणी नव्हतं. ते बायकोला दाखवायला खुर्चीपाशी गेले.

नर्मदाबाईंनी डाव्या हातानं फोन घेतला. खूप वेळ पाहिला. हसल्या.

उजवा हात मांडीवर पडून होता. मनगटाच्या आतल्या बाजूला नखांच्या चार चंद्रकोरी उमटल्या होत्या. ताज्या, लालभडक.

"दुखतंय?" नागोरावांनी विचारलं.

"नाही."

"मग हात हलवत का नाहीस?"

"हलत नाही," नर्मदाबाई म्हणाल्या. "तिनं अजून सोडला नाही."