जिथल्या तिथं

त्या दिवशी मी करवतीला धार लावून आणायला बाजारात गेलो होतो. पोस्टमार्टमच्या खोलीत तीस वर्षं काम केलं मी. डॉक्टर लांब उभे राहून लिहायचे, हात माझे. भुताखेतांना कधी भीक घातली नाही.

परत आलो तर खोलीच्या दारात माझी बहीण द्वारका बसलेली. आत दोन मढी. एक तिचा एकुलता एक स्वप्निल, दुसरा त्याचा चुलतभाऊ भीमराज. सिद्धेश्वरच्या कालव्यावर, पाण्याच्या पाळीवरून दोघांनी एकमेकांना तोडलं होतं. स्वप्निलच्या डोक्यात डावीकडे कुऱ्हाड, भीमराजच्या मानेत कोयता.

"दादा, माझ्या लेकराचं समदं जिथल्या तिथं घालशील ना?"

"व्हय," मी म्हणालो.

ती पदराचं टोक कुरवाळत होती. पोरगं लहानपणी ते टोक बोटाला गुंडाळल्याशिवाय झोपायचं नाही. बराबर तीन वेढे.

आमच्या कामाची एक रीत आहे. काढलेला मेंदू परत कवटीत बसवत नाहीत. कवटीत कापूस भरायचा, मेंदू पोटात घालून वरून शिवून टाकायचं. डॉक्टर म्हणायचे, "सोनाजी, माणूस म्हणजे हा सव्वा किलोचा गोळा. बाकी नुसती पिशवी." मी हसायचो.

बाहेर दोन्ही घरच्यांची दगडफेक सुरू झाली. खिडकीची काच फुटली. "उरका लवकर!" डॉक्टर ओरडले. माझ्या डोळ्यांत पाणी, हातात भाच्याची कवटी, आणि दोन्ही मेंदू एकाच ट्रेमध्ये. स्वप्निलला शिवून झालं. भीमराजला शिवायला घेतलं, तर त्याच्या पोटातला मेंदू डावीकडून चिरलेला! भीमराजच्या डोक्याला तर ओरखडाही नव्हता.

उसवायला हवं होतं. तेवढ्यात एक दगड डॉक्टरांच्या कपाळावर बसला, रक्त आलं, आणि मी टाके घालत गेलो. मढ्याला काय कळतंय, म्हटलं.

दुपारी तीनला दोन्ही स्ट्रेचर व्हरांड्यात शेजारी शेजारी ठेवली. फिनेलचा वास, माश्यांची घोंघों. द्वारका स्वप्निलवर वाकली.

त्याचा हात उठला आणि तिच्या गळ्याला बसला.

मी बोटं ओढली, सुटेनात. तिची जीभ बाहेर आली. शेवटी हातोडी घेतली आणि एकेक बोट फोडून काढलं. माझ्याच भाच्याचं. मी मिटवलेले त्याचे डोळे उघडे होते, आणि तो तिच्याकडे वैऱ्यासारखा बघत होता.

"दादा... ह्यो माझा स्वप्निल न्हाई..."

ती मागे सरकायला गेली. सरकता येईना.

"पदर... पदर कोन धरून राहिलंय, दादा?"

मी वळून पाहिलं. भीमराजच्या चादरीखालून हात बाहेर आला होता. ओढत नव्हता, मारत नव्हता. तिच्या पदराचं टोक त्याच्या बोटाला गुंडाळलेलं होतं.

मी ते सोडवायला बसलो. एक वेढा... दोन... तीन.