इंदिरानगर, एकतीस मीटर

मल्हारी गायधनीच्या नावाने परदेशातून जितकी पत्रं येत, तितकी इंदिरानगरातल्या त्याच्या अख्ख्या कॉलनीला मिळून देशातूनही येत नसत. पोस्टमन त्याला शास्त्रज्ञ समजे. समोरचे निवृत्त फौजदार त्याला हेर समजत आणि त्यामुळे जरा अदबीने वागत. प्रत्यक्षात मल्हारी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक कारकून होता. दिवसभर लोकांच्या टपालाला क्रमांक घालून झाले, की संध्याकाळी घरी येऊन तो स्वतःच्या टपालाला क्रमांक घाली.

छंद असा: शॉर्टवेव्हवर दूरदेशीचं केंद्र पकडायचं. आवाज किती जोरात, किती स्वच्छ, खरखर किती, हे पाच आकड्यांत मांडायचं. कार्यक्रमात काय काय ऐकू आलं ते मिनिटामिनिटाने पुराव्यादाखल लिहायचं आणि त्या केंद्राला पत्राने कळवायचं. केंद्रवाले ते आपल्या नोंदींशी ताडून बघतात आणि जुळलं तर एक रंगीत कार्ड पाठवतात: होय, तुम्ही आम्हालाच ऐकलंत. आपण ऐकलं हे आपल्याला माहीत असताना ते दुसऱ्याकडून लिहून कशाला घ्यायचं, असं ललिताने लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं. मल्हारीने वीस मिनिटं उत्तर दिलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

या छंदाचं सोवळं कडक असतं. ऐकलं तेवढंच लिहायचं, अंदाजाने ठोकून द्यायचं नाही. आणि वेळ लिहायची ती ग्रीनविचची, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. पंधरा वर्षांत मल्हारीने यातलं काही मोडलं नव्हतं. त्याच्याकडे चारशे बारा कार्डं होती आणि चारशे बाराही खरी होती. आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल तो असं छातीठोक बोलू शकला नसता.

त्यातलं सर्वांत मोलाचं कार्ड कोरुवा बेटाचं. नकाशावर ठिपक्याएवढं बेट, केंद्र अगदीच हलक्या शक्तीचं आणि कोणालाही उत्तर न देणारं. मल्हारीने अकरा रिपोर्ट पाठवले. मार्च १९९५ मध्ये एकदाचं कार्ड आलं: हिरवंगार बेट, एक माड, खाली झोकदार सही. देशात ते दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. श्रोत्यांच्या क्लबाच्या बातमीपत्रात मल्हारीचा कार्डासकट फोटो छापून आला. फोटोत तो हसत होता. लग्नाच्या अल्बममध्ये असा एकही फोटो नाही, असं ललिता म्हणाली होती, आणि ते खरं होतं.

कार्ड त्याने सर्वांत आधी दाखवलं ते गोटीराम पगारला. गोटीराम मूळचा कळवणचा. पिंपळगाव बसवंतला त्याचा छापखाना. द्राक्षाच्या पेट्यांवरची लेबलं आणि हंगामात लग्नपत्रिका. रेडिओचं वेड त्याला मल्हारीनेच लावलेलं. दर बुधवारी तो कागद घ्यायला नाशकात येई आणि संध्याकाळी गायधनींकडे जेवून जाई. मल्हारी साडेसात ते आठ मागच्या खोलीत हेडफोन लावून बसे. हेडफोन एकच असल्यामुळे गोटीराम तोवर स्वयंपाकघरात वहिनींशी बोलत बसे. पाहुण्याला असं ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, हे मल्हारीला मान्य होतं. पण केंद्रं काही जेवणाच्या वेळा पाहून लागत नाहीत.

डिसेंबर १९९७ च्या पहिल्या आठवड्यात एक पाकीट आलं. तिकिटावर मासा. शिक्का फिकट, गावाचं नाव लागत नव्हतं. पाठवणाऱ्याच्या जागी फक्त एक टपालपेटी क्रमांक. आत टाइप केलेला रिपोर्ट होता. मल्हारीने असे शेकड्यांनी लिहिले होते. त्याला आलेला हा पहिलाच.

‘प्रिय महोदय, बुधवार, १२ नोव्हेंबर रोजी १४.०५ ते १४.२५ या वेळात एकतीस मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर आपलं केंद्र ऐकण्याचा आनंद मिळाला. आवाज मध्यम, खरखर थोडी. भाषा मला अपरिचित. १४.०७: वाफेची शिट्टी, तीनदा. १४.११: स्त्रीचा आवाज. १४.१६: भांडं पडतं, स्त्री हसते. १४.२०: पाणी. तपशील आपल्या नोंदींशी जुळत असल्यास कृपया कार्ड पाठवावं.’

पाकिटावरचा पत्ता बिनचूक होता, फ्लॅट नंबरासकट.

हा गोटीरामचा चावटपणा, असं मल्हारीने ठरवलं. इंग्रजी जरा जास्त शुद्ध होतं, पण छापखानेवाल्याला लिहून देणारे भेटतात. तरी सवयीने त्याने आवक क्रमांक घातला आणि सवयीनेच तपशील ताडायला घेतले.

“अगं, बारा तारखेला दुपारी दोनला कुकर लावला होतास?”

“दुपारी दोनला कोण कुकर लावतं?” ललिता म्हणाली. “तुमच्या ऑफिसात लावत असतील.”

दुसरं पाकीट पंधरा दिवसांनी आलं. तोच मासा. ‘२६ नोव्हेंबर, १४.०५ ते १४.२५. आवाज पूर्वीपेक्षा चांगला, त्यामुळे संभाषण कानाला लागलं तसं सोबत लिहून देत आहे.’ परकी भाषा अशी रोमन अक्षरांत टिपून पाठवायची या छंदात पद्धतच आहे. मल्हारीने स्वतः कितीतरी केंद्रं अशी पक्की केली होती. ऑफिसात डबा खाता खाता तो ती अक्षरं पुटपुटू लागला. पहिल्यांदा काही अर्थ लागला नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या तोंडून ललिता बोलायला लागली.

‘भाऊजी, यंदाही एक कार्ड काढा ना. आठ महिने झाले पत्र पाठवून. रोज पेटीत हात घालून बघतात.’

मग पुरुष: ‘काढतो की. पन वहिनी, मागच्या टायमाला हिरवा लय भडक झालता. पेटीच्या लेबलाचाच मारला होता. त्याला कळलं नाय, नशीब.’

‘जुन्या पाकिटावरचं तिकीट मी काढते वाफेवर. मागच्यासारखंच.’

त्याखाली थोडी जागा सोडून शेवटची नोंद होती. ‘१४.२३: स्त्री, एकटी, अगदी जवळून.’ आणि पुढे: ‘घरात कोणी नसल्यासारखं वाटतं. बरं वाटतं.’

डबा तसाच राहिला. घरी गेल्यावर मल्हारी स्टुलावर चढला. माळ्यावर गोटीरामने मागच्या फेब्रुवारीत पाठवलेली द्राक्षांची रिकामी पेटी होती. तिच्या लेबलावर घड, घडामागे पानं. त्याने कोरुवाचं कार्ड पानांवर ठेवलं. बेट कुठे संपतं आणि पान कुठे सुरू होतं, ते ट्यूबलाइटखाली नीट सांगता येत नव्हतं.

म्हणजे चारशे अकरा. पण तेवढ्यावर थांबेल तो नवरा कसला? कार्डाचं दुःख मोठं होतं, तरी त्याच्याहून मोठं दुःख कागदावर आकड्यांत लिहिलेलं होतं. दुपारी दोन वाजून पाच मिनिटं. तो ऑफिसात असताना. गोटीराम संध्याकाळी येत नव्हता, दुपारीच येत होता. संध्याकाळी तो फक्त आल्यासारखा येत होता. आणि घरात कोणी नसल्यासारखं वाटतं, बरं वाटतं.

त्याने कोणाला काही विचारलं नाही. पुढच्या बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पावणेदोनला घरी आला. दाराला कुलूप होतं. आपल्या किल्लीने उघडून तो बूट न काढता खुर्चीत बसला. दोन पाच. दोन सात. फ्रीज गुरगुरला आणि थांबला. खालच्या फ्लॅटातल्या छायाताईंनी सतरंजी झटकली. दोन तेवीसला काहीच झालं नाही. अडीचला ललिता गिरणीतून दळण घेऊन आली. हाताला पीठ होतं.

“बरं नाही का तुम्हाला?”

“डोकं दुखतंय.”

तिने बाम चोळून दिला. तिचा हात नेहमीसारखाच होता. हेच त्याला सर्वांत लागलं.

संध्याकाळी गोटीराम आला. “काय गायधनी, आज काय लागनार? तोंड का असं, पगार कापला का?” म्हणत स्वयंपाकघरात जाऊन बसला. मल्हारी मागच्या खोलीत गेला. हेडफोन चढवला, बटण फिरवलं, कुठलं तरी केंद्र लागलं. त्याने वही ओढली आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सात पस्तीस. हाताने आपोआप लिहिलं: १४.०५.

पेन थांबलं.

पंधरा वर्षं जो हात न चुकता साडेपाच तास वजा करत आला, त्याच्या मालकाने स्वतःच्या घराचा रिपोर्ट मात्र घरच्या घड्याळाने वाचला होता.

म्हणजे दुपार नव्हतीच. त्या दोन्ही बुधवारी तो घरात होता. इथेच, याच खुर्चीत. स्वयंपाकघरापासून बारा पावलांवर.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून बारीक आवाजात कोणी तरी बातम्या देत होतं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. एक. दोन. तीन.

तो बारा पावलं चालत गेला.

गोटीरामच्या हातात कार्ड होतं. बेट, माड, सही. हिरवा या वेळी मवाळ होता.

“वहिनी, मी नाय सांगितलं याला,” गोटीराम म्हणाला. बाकीचं त्याला नंतर सुचणार होतं.

मल्हारीने रिपोर्ट ओट्यावर ठेवला आणि वाचून दाखवला, वेळेसकट.

“अकराव्या पत्रानंतर तुम्ही तीन दिवस धड जेवला नव्हतात,” ललिता म्हणाली. “मला वाटलं, कागदाचा तर तुकडा आहे.”

“माझा फोटो छापून आला त्याच्यासकट.”

“छान आला होता.”

“लय छान,” गोटीराम म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

“आणि हे?” मल्हारीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “चौदा तेवीस.”

ललिताने कागद हातात घेतला. ओठ हलवत अक्षरं लावली. मग गॅस बंद केला.

“हे मी बोलले नाही.”

“म्हणजे खोटं आहे?”

“बोलले नाही म्हटलं.”

“नाय बोलल्या, आईच्यान,” गोटीराम म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “मी समोरच बसलो होतो, गायधनी. वहिनी गप भाकरी थापत होत्या. एक शब्द नाय बोलल्या.”

खोटं आहे असं ती अजूनही म्हणाली नव्हती. आवक-जावकचा कारकून असल्या गोष्टी नोंदवतो.

गोटीराम न जेवता गेला आणि त्यानंतर कुठल्याच बुधवारी आला नाही. पत्र कोणी लिहिलं, या विषयावर त्या घरात चर्चा झाली नाही, कारण ती करायला बोलावं लागलं असतं. मल्हारी साडेसातला मागच्या खोलीत जाई, दार लावी आणि हेडफोन घाली. रेडिओ लावत नसे. हेडफोनच्या गाद्यांना आतून एक हलका समुद्रासारखा आवाज असतो. तो ऐकत अर्धा तास जाई.

फेब्रुवारीत एके दिवशी ऑफिसातून आल्यावर त्याला टेबलावर पाकीट दिसलं. मासा. ते आधीच उघडलेलं होतं. कड विळीने सरळ कापलेली होती.

‘माझ्या दोन्ही रिपोर्टांना उत्तर आलं नाही. टपालात गहाळ झालं असावं असं समजून पुन्हा लिहीत आहे. बुधवार, ७ जानेवारी, १४.१० ते १४.१४. फक्त पुरुषाचा आवाज. सुस्पष्ट, खरखर नाही. पाचही बाबतींत पाच.’

असे पैकीच्या पैकी पाच पंचे मल्हारीने आजवर फक्त आकाशवाणीला दिले होते.

खाली रोमन अक्षरांत एकच वाक्य होतं. ते लावायला त्याला पुटपुटावं लागलं नाही.

‘हिच्या जागी दुसरी कोणी असती तरी चाललं असतं.’

सात जानेवारीला तो दार लावून बसला होता. तोंड उघडलं नव्हतं.

ललिता स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. तो दारात येऊन उभा राहिला.

“उत्तर पाठवलं मी,” ती म्हणाली. “बिचारा किती दिवस वाट बघणार. साधंच कार्ड आणलं पोस्टातून. तपशील जुळतात, एवढंच लिहिलं.”

“कसे जुळतात? मी काही बोललो नव्हतो.”

“नव्हतात.”

पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला. आता काहीतरी म्हणायलाच हवं होतं. रागाच्या भरात माणसाच्या मनात काय काय येतं, तिथून सुरुवात करावी, असं मल्हारीने ठरवलं. वाक्य मनात नीट जुळवलं. तोंड उघडायचं बाकी होतं.

“रागात नव्हतात तुम्ही,” ललिता मेथीवरून मान न उचलता म्हणाली.