अज्जांचा दाभण

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट नक्कीच बदलला असता.

गेल्या वर्षीची आयुधपूजा. म्हैसूर. भर दुपारचे तीन.

आम्ही शिंपी. पुढे दुकान, मागे घर. हेब्बाळच्या कारखान्यांचे युनिफॉर्म शिवतो. नवमीला मशीन, कात्री, सुया, सगळी हत्यारं पूजेत बसतात. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. लहानपणी मी एकदा कात्री उचलली, तर आईनं पाठीत असा धपाटा घातला होता की अजून आठवतो.

त्या सकाळी माळ्यावर अज्जांची पत्र्याची पेटी सापडली. अज्जा म्हणजे माझे आजोबा, शिवाजीराव. जन्मभर लग्नाचे कोट शिवले, एवढंच आम्हाला ठाऊक.

पेटीत मिलिटरीचं करडं ब्लँकेट होतं. एक वाकडा दाभण. मेणाचा गोळा. पलटणीचा बिल्ला. आणि घडी घातलेला कागद.

"अय्यो! तुझे अज्जा लढाईला गेले होते, नोडु, बघ!" अप्पा पोरासारखे हरखले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माझे वडील. "मला एक शब्द बोलले नाहीत रे!"

झाकली मूठ तशीच राहू द्यायला हवी होती.

पण मी फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकला. 'आमचे अज्जा, युद्धवीर.' दाभणाला कुंकू लावून पूजेच्या ताटात ठेवला.

जेवण झालं. अप्पा ते ब्लँकेट पांघरून आडवे झाले.

"बापाची ऊब आहे," म्हणाले.

मग मी निवांत बसून कागद उघडला. भाषा मराठी, अक्षरं कन्नड. आमच्या घरात जुनी माणसं तसंच लिहायची.

'बर्माची सरहद्द, १९४४. मेलेल्यांना ब्लँकेटात शिवायचं काम मला दिलंय. आज एकाला शिवताना आतून हात हलला. साहेबांना सांगितलं. म्हणाले, वाचणार नाही, गाड्या निघाल्यात, शिव. मी शिवला. शेवटच्या टाक्यापर्यंत तो आईला हाक मारत होता.'

म्हणे युद्धवीर!

आणि तेवढ्यात...

सर्रर्र...

मेण लावलेला दोरा जाड कापडातून ओढल्याचा आवाज. शिंप्याचा कान त्यात चुकत नाही.

पण आज शिवतंय कोण?

सर्रर्र... टच्च.

मी ताटात पाहिलं. कुंकवाचा ठिपका होता. दाभण नव्हता...

आवाज अप्पांच्या खोलीतून येत होता.

मी धावलो.

पलंगावर ब्लँकेट होतं. डोक्यापासून पायांपर्यंत शिवलेलं. एकसारखे, घट्ट टाके. खोलीत दुसरं कुणी नाही. तोंडापाशी कापड आत ओढलं जात होतं... बाहेर येत होतं... पुन्हा आत...

"रघु... उघड..."

बोटांनी ओढलं. दातांनी ओढलं. नखं उलटली, पण दोरा तुटेना. दुकानात पळालो. कात्रीवर हात टाकला.

"रघु! हात लावू नकोस!" आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. "पूजेतली आहे ती, बेडा, नको! उद्या घे!"

आणि मी थांबलो.

खरंच थांबलो. चाळीस वर्षांची सवय. हात कात्रीवर, आणि मी तिला काय सांगावं ते शोधत उभा. किती वेळ गेला असेल? चार श्वास. माझे.

मग कात्री घेऊन पळालो. टाके कापले.

अप्पांचे डोळे उघडे होते. तोंडात लोकर गच्च भरली होती.

आई यायच्या आत मी ती लोकर काढली. ब्लँकेट पलंगाखाली ढकललं. का, ते विचारू नका. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, झोपेतच गेले, नशीबवान. ते मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. पुढे ब्लँकेट आणि कागद जाळून टाकला.

दाभण अजून सापडलेला नाही. मी आता पांघरूण घेत नाही, कितीही थंडी पडू दे.

आई मात्र मधूनच विचारते, "त्या दिवशी कात्री कशाला हवी होती रे तुला?"

"एक दोरा कापायचा होता," मी सांगतो.

"मग उद्या कापायचा," ती म्हणते. "तेवढ्यात काय बिघडणार होतं?"