पिठोरीचं वाण

आमचे भाऊ ही गोष्ट गच्चीवर, दिवे गेल्यावरच सांगतात. खोटं वाटत असेल तर खुशाल खाली जा, म्हणतात. अजून कुणी एकट्यानं जिना उतरलेलं नाही.

शिवदास त्यांच्या ऑफिसातला. मुलुंडला जुन्या, झाडांनी भरलेल्या गल्लीत तळमजल्यावर राहायचा. फांद्यांनी रस्त्याचे दिवे पार झाकलेले, पण त्या छाटायला कुणी आलं की अख्खी गल्ली एक होऊन त्याला परत पाठवायची. एरवी पाण्यावरून भांडायची.

चौऱ्याऐंशी सालची पिठोरी अमावास्या, रविवार, रात्रीचे आठ. शिवदास समोरच्या बंगल्यात निघाला तो तिथल्या छोट्या शकुला आणायला.

पिठोरीला आई मुलांसाठी उपास धरते. खीरपुरीचं ताट खांद्यावरून पाठीमागे धरते नि विचारते, "अतिथी कोण?" मूल मागून "मी" म्हणतं आणि ताट घेतं. आईनं वळून बघायचं नाही. शिवदासच्या बायकोनं, नलिनीनं, हे व्रत घेतलं ते दोन मुलं बारशाआधीच गेल्यावर. मग माणिक झाला. बोलायला लागल्यापासून तोच "मी" म्हणायचा, गल्लीभर ऐकू जाईल असा. आज मात्र तो नर्सिंग होममध्ये होता, तापानं बेशुद्ध, हाताला सलाईन. उशाशी आजी बसलेली. डॉक्टर आता नजर चुकवायला लागले होते.

"वाण तसंच राहायला नको," नलिनी म्हणाली होती. "शकु घेईल, माणिकच्या नावानं."

शकुची आई जयंती म्हणाली, "न्या हो भाऊजी. पण खीर उरायची नाही हां, सांगून ठेवते."

बंगल्याच्या पायऱ्या उतरताना दिवे गेले. शकुनं त्याचा हात धरला.

"काका, मी काय म्हणायचं?"

"काकू विचारेल, अतिथी कोण. तू म्हणायचं, मी, माणिक."

"पण मी शकु आहे ना."

"आजच्यापुरती माणिक हो गं."

त्याच्या घराचं दार उघडंच होतं. आत समई. समईपुढे नलिनी, पाठ दाराकडे, ताट खांद्यावर. पावलं वाजली असं वाटून तिनं विचारून टाकलं.

"अतिथी कोण?"

शिवदास शकुला पुढे ढकलणार, एवढ्यात...

"मी."

शकु त्याला चिकटून उभी होती. तोंड घट्ट मिटलेलं.

नलिनीचे खांदे हलले. तो आवाज कुणाचा, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"माणिक?"

ताट हातातून सुटलं. पडल्याचा आवाज आला नाही. तिच्या पाठीमागे कुणी दिसेना. नुसता काळोख. आणि बोटं चाटल्याचा आवाज. सावकाश. भुकेल्या पोराचा.

"काका..." शकु पुटपुटली. "आत कोण आहे?"

नलिनी वळली नाही. वळायचं नसतं. मान ताठ धरून, रडत बसून राहिली. "खा रे बाळा," एवढंच म्हणाली. "सगळं खा."

मग आवाज थांबला.

शिवदासनं शकुला मागे ओढलं. तेवढ्यात पलीकडून जयंतीनं फाटकाशी येऊन कंदील वर धरला. गल्लीत फोन तिच्याकडेच होता. शिवदास तिच्याकडे बघत राहिला.

"भाऊजी," ती म्हणाली. "नर्सिंग होममधून..."

आणि तिनं कंदील खाली घेतला.

पहाटे स्मशानातून परतल्यावर शिवदासनं नलिनी बसली होती त्या जागेमागचं ताट उचललं. खिरीचा थेंब नव्हता. काठाला एक पांढरी चिकटपट्टी डकवलेली होती, सलाईनची सुई हातावर धरून ठेवतात तसली. मध्ये कापसाचा बोळा. त्यावर रक्ताचा ठिपका, अजून ओला.