रुफो आधीच येऊन गेला होता

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. ज्याच्यावर बेतली त्याच्याच तोंडून ऐकली आहे, आणि तिचा एक भाग मी स्वतः पाहिला आहे.

लेते बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं आमचं बुनागा गाव. साल १९७७. गुड फ्रायडेच्या आधीचा मंगळवार.

रात्र नव्हती. दुपारचे साडेबारा वाजले होते. वाळू पाय भाजत होती.

माझ्या मावशीचा नवरा रुफिनो. आम्ही पोरं त्याला रुफोकाका म्हणायचो. पण सांगताना मी नुसतं रुफोच म्हणते. कारण त्या आधीची दोन वर्षं तो कुणाचा काका नव्हता, कुणाचा नवरा नव्हता.

तो एल्मो बेरानो म्हणून जगत होता.

बेरानो म्हणजे तेव्हाचा रेडिओवरचा राजा. सेबू शहराच्या केंद्रावरून त्याचं गाणं लागलं की बायका चुलीवरचा भात विसरायच्या. आवाज घराघरात, पण चेहरा कुणी धड पाहिलेला नाही. रेकॉर्डच्या पाकिटावर मोठा काळा चष्मा आणि हॅट. टीव्ही आमच्या बेटांवर कुठला असायला?

रुफोची हनुवटी तशीच होती. गळाही बरा होता. दुकानात लोकांच्या दाढ्या करता करता तो बेरानोची हुबेहूब नक्कल करायचा. गिऱ्हाइकं हसायची. मग एक दिवस त्याचा चुलत भाऊ गोदो काळा चष्मा घेऊन आला, आणि नकलेचा धंदा झाला.

दोघं लांबलांबच्या लहान बेटांवर जत्रांना जाऊ लागले. धक्क्यावर उतरलं की गोदो दोन बायकांच्या कानात सांगायचा, बेरानोसाहेब विश्रांतीला आलेत, कुणाला बोलू नका हं. संध्याकाळपर्यंत सगळं गाव गोळा व्हायचं. गावप्रमुखाच्या घरची गादी, अख्खं भाजलेलं डुक्कर, ताजी माडी, निघताना पाकीट. लोक घरातल्या आजाऱ्यांना उचलून आणायचे. म्हणायचे, साहेब, नुसता हात लावा.

रुफो हात लावायचा.

एवढ्यावर थांबला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. पण हिमुकान बेटावर खोबऱ्याच्या एका व्यापाऱ्याची मुलगी होती, मिलाग्रिंग. एकोणीस वर्षांची. रुफोने बेरानोच्या नावाने तिला मागणी घातली. गावजेवण झालं. तीन आठवडे तो त्या घरात जावयासारखा राहिला. मग लग्नाचे कपडे आणतो म्हणून बोटीत बसला, तो गेलाच.

मुलीला दिवस गेले होते. ती रोज धक्क्यावर जाऊन बसायची.

एक दिवस धक्क्यावर फक्त तिच्या चपला होत्या.

तिचा भाऊ नार्सिंग सेबूला गेला. रेडिओ केंद्राच्या बाहेर तीन दिवस उभा राहिला. गुरुवारी खरा बेरानो गाणं संपवून बाहेर आला, आणि नार्सिंगने त्याच्या डाव्या बरगडीखाली सुरा खुपसला.

पेपरात आलं होतं, की जीव जाईपर्यंत बेरानो एकच वाक्य बोलत होता.

"अरे, मी तुमच्या बेटावर कधी आलोच नाही."

ही बातमी रुफोने रविवारी ऐकली. कुठल्याशा बेटावरच्या खानावळीत रेडिओ चालू होता. गोदो जेवता जेवता उठला, काळा चष्मा समुद्रात भिरकावला आणि लांबच्या मिंडानाओ बेटाची बोट पकडून निघून गेला. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

"तुला वाईट वाटलं का?" मी पुढे रुफोला विचारलं होतं.

"खोटं कशाला सांगू?" तो म्हणाला. "पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं. आता खरा कधी समोर यायचा नाही."

तर त्या मंगळवारी तो घरी परतला. दोन वर्षांनी.

धक्क्यावर तीनचाकीवाला ओल्फो उभा होता. रुफोला पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, "रुफोदादा, तू परत कधी गेलास? शनिवारीच तर तुला घरी सोडलं."

रुफो म्हणाला, मी नसेन, दुसरा कुणी असेल.

"मग काय, मला तुझं तोंड माहीत नाही? सगळ्या वाटेने गात होतास. एवढं गोड गातोस, आणि आम्हाला कधी पत्ता लागू दिला नाहीस."

रुफोने हसण्यावारी नेलं. ओल्फोला माडीचा नाद होताच. वाटेत वाणीणबाईने हाक मारली आणि विचारलं, सकाळी नेलेल्या औषधाने आईचा खोकला थांबला का? रुफोने तोंड फिरवलं. तीनचाकी लवकर हाण, एवढंच ओल्फोला म्हणाला.

घरासमोर उतरला.

त्याचा कुत्रा अंगणात होता. रुफोच्या हातून भात खाऊन वाढलेला. एरवी तो वास आला तरी धावत सुटायचा.

आज तो खांबाआड सरकला... आणि शेपटी पायात घालून गुरगुरत राहिला.

मागे विहिरीवर मावशी, म्हणजे डोरिंग, कपडे धूत होती. तिने मान वर केली नाही.

"एवढ्या उन्हात कशाला बाहेर आलास?" ती म्हणाली. "पड म्हटलं होतं ना जरा."

"डोरिंग, मी आत्ता येतोय. बोटीने."

ती हसली. दोन वर्षांनी बायकोला असं हसताना पाहून त्याला बरं वाटलं. मग तिने वर पाहिलं. त्याचे मळके कपडे, खांद्यावरची पिशवी, पायाला लागलेली धक्क्यावरची चिकट वाळू.

तिचं हसू हळूहळू गेलं.

"मग... घरात कोण आहे?"

रुफोचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. ती पांढरा सदरा चोळत होती. छातीवर बारीक चुण्या, शिंपल्याची बटणं. असला सदरा रुफोकडे कधीच नव्हता.

"हा डाग निघत नाही," ती पुटपुटली. "तीनदा साबण लावला."

डाग डाव्या बरगडीखाली होता.

बादलीतलं पाणी गुलाबी झालं होतं.

आणि तेव्हाच घरातून गाणं ऐकू आलं...

रेडिओ नव्हे. घरचा रेडिओ महिनाभर बंद पडून होता. आवाज बेरानोचा होता. रुफोने दोन वर्षं तो आवाज गळ्यात घोळवला होता. त्याची नक्कल कुठे कमी पडते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हा आवाज कुठेच कमी पडत नव्हता.

गाणं अर्ध्या ओळीवर थांबलं.

बांबूच्या जमिनीवर चार पावलं वाजली...

मग दुसरा आवाज आला. "आई, निघतो मी. सांभाळून राहा."

तो आवाज रुफोचा स्वतःचा होता.

रुफो धावत पुढच्या बाजूला गेला. घर खांबांवर उभं, त्याला जिना एकच, दार एकच. त्या दारात धावत आलेला रुफो स्वतः उभा होता. खिडक्यांच्या झडपा आईच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही म्हणून लावलेल्या. आतून कुणी बाहेर आलं नाही.

आतही कुणी नव्हतं.

पाटावर ताट होतं. भात संपलेला, माशाचे काटे एका बाजूला नीट रचलेले. आई चटईवर बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रुफोने खाली वाकून तिचा हात घेतला. आमच्यात मोठ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतात.

आईने हात ओढून घेतला.

"तूच का तो?" तिने विचारलं.

"कोण तो? आई, मी रुफो."

"माझा रुफो तीन दिवस माझ्यापाशी आहे. त्याने सांगून ठेवलंय. म्हणाला, एक माणूस येईल. माझं नाव लावेल, माझ्या ताटात जेवेल, माझ्या माणसांना माझ्याच तोंडाने हाका मारेल. त्याला पायरी चढू देऊ नकोस."

रुफो तिथेच खाली बसला. तो कितीतरी वेळ विनवत होता. लहानपणीच्या खुणा सांगितल्या, मेलेल्या भावाचं नाव सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"त्याला पण हे सगळं ठाऊक आहे," ती म्हणाली. "आणि त्याने माझे पाय चेपले. तू कधी चेपले होतेस?"

तीन वाजता पोलीस आले. दोन सेबूचे, एक गावचा.

त्यांच्याकडे जबाब होता. रुफिनो नावाच्या माणसाने आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी दहा वाजता, सेबूच्या ठाण्यात बसून दिलेला. सगळी बेटं, सगळी गावं, गोदोचं नाव. मिलाग्रिंगला शेवटच्या दिवशी धक्क्यावर कानात काय सांगितलं होतं, तेही. ते तिला आणि रुफोलाच ठाऊक होतं.

खाली सही होती. अंगठा होता.

सोमवारी सकाळी दहा वाजता 'रुफो' आईच्या पायांशी बसला होता, हे डोरिंग शपथेवर सांगत होती. खरा रुफो तेव्हा तिसऱ्याच बेटाच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत होता. सेबूहून आलेल्या दोघांतल्या एकाने तो जबाब लिहून घेतला होता; त्याने मात्र रुफोला बघताच ओळखलं. म्हणाला, काल समोरच तर बसला होता, सही करताना हात जराही हलला नाही.

अंगठा जुळला.

रुफोने गुन्हा नाकारला नाही. त्या घरात बसण्यापेक्षा तुरुंग बरा वाटला, असं तो मला म्हणाला.

तुरुंगात पहिल्याच आठवड्यात नार्सिंग त्याच्यासमोर आला. रुफो त्याच्या पाया पडायला वाकला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला खरोखर काही बोलायचं होतं.

नार्सिंग दोन पावलं मागे सरला.

"काल येऊन गेलास ना?" तो म्हणाला. "रात्रभर गजाशी बसून रडलास. मी माफ केलं."

रुफो काही बोलणार, एवढ्यात नार्सिंगने त्याचा चेहरा नीट निरखला.

"नाही... तो तू नव्हतास," तो सावकाश म्हणाला. "मग ती माफी त्याची. तुला नाही."

आणि पुढची सात वर्षं तो रुफोशी एक शब्द बोलला नाही.

आता मी पाहिलेलं सांगते.

१९८१ साली रुफोची आई गेली. तुरुंगातून सुट्टी मिळाली नाही, असं तारेत आलं होतं. मी सोळा वर्षांची होते. शवपेटी उचलायची वेळ झाली, तेव्हा अंगणातली माणसं बाजूला झाली... आणि रुफो पुढे आला.

त्याने पुढचा डावा खांदा दिला. कबरीपाशी तो गायला. सगळं गाव ढसाढसा रडलं. जाताना मी त्याचा हात कपाळाला लावला. थंड असता तर मी आज शांत झोपले असते.

हात ऊबदार होता.

रुफो त्या दिवशी तापाने फणफणत तुरुंगाच्या दवाखान्यात पडून होता. रजिस्टरात नोंद आहे. माझ्या वडिलांनी जाऊन स्वतः पाहिली.

सुटून आल्यावर त्याने मला एवढंच विचारलं.

"तो रडला का गं?"

मी हो म्हटलं.

"खूप?"

"सगळ्यांपेक्षा जास्त."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "आईला खांदा देतो तो मुलगा. मग मी कोण?"

मावशीने त्याला घरात घेतलं. आता तो म्हातारा झालाय. दाढी करायलाही दुसऱ्याकडे जातो, आरशासमोर बसवत नाही म्हणतो.

दर एक नोव्हेंबरला आम्ही सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला जातो. रुफो पहाटे चारला निघतो. कुणाच्याही आधी पोचायचं म्हणून. गेल्या वर्षी मी त्याच्यासोबत होते. कबरस्तानाचं फाटक बंद होतं, राखणदाराने आमच्यासमोर कुलूप काढलं.

आईच्या कबरीवर मेणबत्ती जळत होती. अर्धी संपलेली.

राखणदाराने आधी कबरीकडे पाहिलं, मग रुफोकडे.

रुफोने आपली मेणबत्ती खिशातून काढलीच नाही. तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मी मात्र आत थांबले, का ते मला सांगता येणार नाही. मेण अजून ओघळत होतं... आणि कबरीच्या पलीकडे, अंधारात, कुणीतरी अगदी हळू गळा साफ करत होतं.